सही आहे, पण भाव काय?

महाडच्या स्टँडवर पोलादपूरची एसटी लागायला वेळ आहे. तुम्ही मोबाइल चाळत उभे आहात आणि स्क्रीनवर जाहिरात येते. आवडत्या लेखकाचं नवं पुस्तक, लेखकाच्या सहीची मर्यादित आवृत्ती, फक्त पाचशे प्रती. साधी प्रत चारशे रुपयांची, ही पंधराशेची. शेजारचा मित्र डोकावतो आणि म्हणतो, "घेऊन ठेव रे. दोन वर्षांनी पाच हजाराला जाईल!"

जाईल का?

बहुतेक वेळा नाही. लेखक आवडतो म्हणून, त्याने हात लावलेलं पान आपल्याकडे असावं म्हणून घेणार असाल, तर खुशाल घ्या. पण वरचे अकराशे रुपये गुंतवणूक समजून घालणार असाल, तर पुस्तकाची 'सेकंडहँड' किंमत ठरते कशी हे आधी समजून घ्या.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. कॉलेजात असताना एका लोकप्रिय लेखकाच्या कार्यक्रमात दीड तास रांगेत उभा राहून मी सही घेतली होती. वर माझं नाव, खाली 'शुभेच्छांसह', तारीख, सगळं साग्रसंगीत. पुढे पैशांची अडचण आली तेव्हा ते पुस्तक घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पुठ्ठा बघितला, पानं चाळली, आवृत्ती बघितली आणि छापील किमतीच्या पाव भाग पैसे सांगितले. मी म्हटलं, "अहो, सही आहे!" तो म्हणाला, "सही आहे, पण वर तुझं नाव आहे. आता तुझ्या नावाचं गिऱ्हाईक शोधत बसू का?"

तेव्हा राग आला होता. आज वाटतं, त्याने एका वाक्यात अख्खा धंदा शिकवला.

सही असली म्हणजे पुस्तक दुर्मीळ झालं, असं होत नाही. रस्किन बॉण्ड यांचंच बघा. मसुरीच्या मॉल रोडवरच्या केंब्रिज बुक डेपोत ते वर्षानुवर्षं शनिवारी येऊन वाचकांना सह्या देत आले. त्यांच्या सहीचं पुस्तक ही सुंदर आठवण आहे, पण अशा प्रती देशभर इतक्या आहेत की त्यातून घबाड मिळायचं नाही. आपल्याकडचं उदाहरण हवं तर बाबासाहेब पुरंदरे यांच्या 'राजा शिवछत्रपती'चं घ्या. रायगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना हे पुस्तक कुणी वेगळं सांगायला नको. पुरंदऱ्यांनी गावोगाव व्याख्यानं दिली आणि आयुष्यभर असंख्य प्रतींवर सह्या केल्या. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले आणि नव्या सह्या थांबल्या, पण आधीच्या सह्या घराघरांत आहेत. माणूस गेला की सहीचा भाव वाढतो हे अर्धंच खरं. मागे किती सह्या राहिल्या, हेही बघावं लागतं.

'पहिली आवृत्ती' या शब्दाचंही तसंच. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक १९९७ मध्ये आलं तेव्हा जे. के. रोलिंग हे नाव कुणाला माहीत नव्हतं. पुठ्ठा बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती छापल्या आणि त्यातल्या ३०० वाचनालयांत गेल्या. म्हणजे शिक्के बसले, पानं दुमडली, पोरांनी हाताळून खिळखिळ्या केल्या. चांगल्या राहिल्या त्या मूठभर, आणि म्हणून २०२१ च्या डिसेंबरमध्ये अशी एक प्रत अमेरिकेतल्या लिलावात ४ लाख ७१ हजार डॉलरला गेली. याच मालिकेचं सातवं पुस्तक २००७ मध्ये आलं, तेव्हा एकट्या अमेरिकेत पहिल्याच छपाईत १ कोटी २० लाख प्रती निघाल्या. तीसुद्धा पहिलीच आवृत्ती. ती कोण जास्त पैसे देऊन घेणार?

म्हणजे भाव चढतो तो नंतर मोठं ठरलेलं पुस्तक सुरुवातीला कमी छापलं गेलं असेल तर. रवींद्रनाथांची इंग्रजी 'गीतांजली' १९१२ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने ७५० प्रतींत काढली, त्यातल्या विक्रीसाठी फक्त २५० होत्या. पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. छापताना ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि खरी गोम तिथेच आहे. आज जी प्रत 'कलेक्टर्स एडिशन' म्हणून विकली जाते, ती घेणारा प्रत्येक जण जपूनच ठेवतो. वेष्टनसुद्धा काढत नाही. दहा वर्षांनी पाचशेच्या पाचशे प्रती कोऱ्या करकरीत बाजारात येऊ शकतात.

शिवाय मराठी पुस्तकाची साधी आवृत्तीसुद्धा बहुधा हजार-अकराशे प्रतींची असते. कवितासंग्रहाची त्याहून कमी. कुणी 'मर्यादित आवृत्ती, फक्त पाच हजार प्रती' म्हणालं, तर हसू दाबून पुढे जा. आपल्याकडे मर्यादित नसलेली आवृत्तीच दुर्मीळ! त्यामुळे मराठीत शोध घ्यायचा तो सोनेरी शिक्क्याचा नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ची जुनी, मूळ प्रत किंवा अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी'ची १९७६ ची 'क्लिअरिंग हाऊस'ची प्रत, ही खरी शोधायची पुस्तकं. त्यावर सही असली तर दुधात साखर.

आता खोट्या सह्यांचं बघू, कारण फसवणूक इथेच होते. २०२२ मध्ये बॉब डिलनचं पुस्तक आलं. नोबेल मिळालेला गायक. सहीच्या ९०० प्रती, प्रत्येकी ५९९ डॉलर, म्हणजे तेव्हाचे साधारण ४९ हजार रुपये, सोबत सही अस्सल असल्याचं प्रकाशकाचं पत्र. घेणाऱ्यांनी आपापल्या सहीचे फोटो एकमेकांना दाखवले आणि लक्षात आलं की सह्या एकमेकींशी तंतोतंत जुळतायत. माणसाची सही दोनदा अगदी सारखी येतच नाही. ती यंत्राने केलेली होती. प्रकाशकाला सगळ्यांचे पैसे परत करावे लागले. चक्कर येण्याच्या त्रासामुळे यंत्र वापरलं, चूक झाली, असं डिलनने जाहीरपणे मान्य केलं. एवढ्या मोठ्या नावांकडून हे होतं, तर अनोळखी इन्स्टाग्राम पेजवरून येणाऱ्या पार्सलची काय हमी?

तुम्हाला मात्र एक तपासणी फुकटात करता येते. पुस्तकाच्या सुरुवातीला प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती आणि वर्ष छापलेलं पान असतं, ते आपण कधी वाचत नाही. ते वाचा आणि लेखक कधी वारला ते बघा. 'छावा' चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत आला आणि कादंबरी पुन्हा सगळीकडे दिसू लागली. शिवाजी सावंत २००२ मध्येच गेले. त्यामुळे छपाईचं वर्ष २०१५ असलेल्या 'छावा'वर त्यांची सही कुणी दाखवली, तर बोलणंच संपलं. याहून पक्कं उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ चं आणि मूळ इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला १९५७ मध्ये. छापील ग्रंथ त्यांनी पाहिलाच नाही. त्यावर त्यांची सही असूच शकत नाही.

दुसरं म्हणजे पान उजेडात तिरकं धरून बघा. पेनाने केलेल्या सहीचा दाब जाणवतो, शाई कुठे दाट, कुठे पातळ असते. छापलेली सही भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांची दिसते.

बाबासाहेबांचा विषय निघालाच आहे, तर इथे जरा थांबतो. कारण महाड-पोलादपूरच्या वाचकांना जे सांगायचं आहे ते मोबाइलमधल्या जाहिरातीपेक्षा घरच्या माळ्याबद्दल जास्त आहे.

या दोन तालुक्यांतल्या किती घरांतून माणसं मुंबईला गेली! गिरण्या, गोदी, रेल्वे, पोलीस. चाकरमानी गणपती-शिमग्याला गावी यायचे ते सामानात पुस्तकंही आणायचे. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर घेतलेल्या पुस्तिका, युनियनची पत्रकं, एखादा कवितासंग्रह. गिरणीत राबलेल्या आजोबांनी कामगारांच्या एखाद्या कार्यक्रमात नारायण सुर्व्यांची सही घेतलेली असू शकते. ती पुस्तकं आज पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. त्यांवर सोनेरी शिक्का नाही, कागद पिवळा पडलाय, आणि म्हणून ती किलोवर जातात.

त्यातच २० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतायत. अशा वर्षी जुन्या कागदांची मागणी वाढते आणि 'आजोबांचे काही जुने कागद आहेत का' असं विचारत लोक दारात येऊ शकतात. काही अभ्यासक असतील, काही नसतील. म्हणून आपल्याकडे काय आहे ते आपल्याला आधी माहीत हवं. 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झालं ३ एप्रिल १९२७ ला, महाडच्या परिषदेनंतर दोनच आठवड्यांनी. त्याचा सुटा अंक घरात असेल तर तो रद्दीचा कागद नव्हे. 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' हे लाहोरला न झालेलं भाषण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतःच्या खर्चाने छापलं. प्रती होत्या १५०० आणि दोन महिन्यांत संपल्या. त्यातली एखादी प्रत, त्यावर कोकणातल्या एखाद्या कार्यकर्त्याचं नाव, अशी वस्तू कुणाच्या घरी निघाली तर?

इथे मला त्या दुकानदाराचं वाक्य उलटं करावं लागतं. माझ्या नावाने माझ्या पुस्तकाचा भाव पडला, कारण मी कुणीच नव्हतो. पण सत्याग्रहात चाललेल्या माणसाचं नाव पानावर असेल, तर त्या नावानेच भाव चढतो. त्या माणसाचा जुना फोटो, पत्र, त्याच्या मुलीने सांगितलेली आठवण, हे सगळं पुस्तकासोबत असेल तर आणखी. संग्राहक पुस्तकाइतकाच त्याच्या प्रवासाचा माग विकत घेतो. घरात ऐंशी-नव्वदीची आजी असेल, तर तिला विचारून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. पुस्तकावर नको!

पुस्तकावर काहीच करू नका, खरं तर. सेलोटेप लावू नका, नवी बांधणी करू नका, प्लास्टिकचं लॅमिनेशन तर मुळीच नको. मूळ मुखपृष्ठ गेलं की किमतीतला मोठा हिस्सा गेला. कोकणातला खरा शत्रू पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे पानांवर तपकिरी डाग येणार, कसर लागणार, जमिनीलगतच्या कपाटाला वाळवी. आणि २०२१ च्या जुलैत महाडमध्ये पाणी शिरलं तेव्हा काय झालं हे मी सांगायला नको. खालच्या मजल्यावरच्या पुस्तकांचा लगदा झाला. तेव्हा पुस्तकं वर ठेवा, भिंतीला टेकवू नका, सुती कापडात गुंडाळा, आणि पावसाळा संपला की सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवा. कडक उन्हात शाई उडते.

तरीही विकायचंच ठरलं तर घाई करू नका. मुखपृष्ठ, आवृत्तीचं पान, सही आणि पुस्तकाची पाठ यांचे स्वच्छ फोटो काढा आणि पुण्या-मुंबईतल्या दोन-तीन जुन्या पुस्तकविक्रेत्यांना पाठवा. मूळ प्रत 'बघायला' म्हणून देऊ नका. ऑनलाइन दिसतो तो मागितलेला भाव. लाख मागायला पैसे पडत नाहीत. प्रत्यक्षात कितीला गेलं, ते लिलावांच्या निकालांत बघा. विक्रेता त्याहून बराच कमी देणार हेही धरून चाला, कारण गिऱ्हाईक मिळेपर्यंत त्याचा पैसा अडकतो. वाचनालयाचा शिक्का असेल तर पुस्तक तिथून रीतसर बाहेर आलंय का, हा प्रश्न येणारच, आणि शिक्का खोडण्याचा प्रयत्न केलात तर संशय वाढेल. हस्तलिखित पत्र, दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना आणि ऐतिहासिक मोलाचा असेल, तर १९७२ च्या कायद्यानुसार तो खासगी माणसाला परदेशी विकता येत नाही. परदेशातून कुणी मोठा आकडा सांगितला, तर हे आधी आठवा.

विकण्याआधी पानन् पान मोबाइलवर नीट टिपून ठेवायला मात्र विसरू नका. फीचे पैसे भरायचे असतील, घरात आजारपण असेल आणि पुस्तकाला चांगला भाव येत असेल, तर विकण्यात काही पाप नाही. आजोबांनीही ते घर चालवता चालवताच घेतलं होतं. फक्त ते पुस्तक नावावर तुमच्या एकट्याच्या नाही. आत्या, काका, चुलत भावंडं, सगळ्यांना विचारा. नाहीतर पाच हजार येतील आणि पुढच्या गणपतीत एका ताटाला बसायची पंचाईत होईल.

एसटी लागली असेल एव्हाना. जाहिरातीतलं पुस्तक घ्यायचं की नाही ते पोलादपूरला पोचेपर्यंत ठरवा, आणि घरी गेल्यावर शिडी कुठे ठेवलीय ते विचारा.