धान्य घेण्यापूर्वी शेतकऱ्यास काय विचारावे?

बाजव्याच्या आसपासच्या गावांतून गहू व तूर घेताना भावाची घासाघीस आपण सर्वच करतो. मालाची चौकशी मात्र थोडेच करतात. आमचा पहिला प्रश्न असतो, मळणीनंतर मालाने किती उन्हे खाल्ली? गव्हात शेकडा 12 हून अधिक ओल राहिली की साठवणीत टोके व सोंडे होतात, आणि निवडताना होणारी जीवहिंसा घरातील स्त्रियांच्या माथी येते. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. भालिया गहू म्हणून कोणी देऊ लागल्यास पाणी किती दिले, हे विचारावे. खरा भालिया भाल प्रदेशात जमिनीतील ओलीवरच पिकतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे, माल पेरणीतून उरलेले बियाणे तर नव्हे? बियाण्यास पुष्कळदा विषारी औषध चोळलेले असते. इराकमध्ये 1971-72 साली पारायुक्त औषध लावलेला बियाण्याचा गहू दळून खाल्ल्याने शेकडो माणसे दगावली. रंग धुतला म्हणजे विषही गेले, अशी तेथे कित्येकांची समजूत होती! तेव्हा दाण्यावर लाल-गुलाबी झाक दिसली तर फुकटही घेऊ नये.

कोठीत कीडनाशक गोळ्या ठेवल्या होत्या काय व केव्हा, हेही विचारावे. त्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो. खरे सांगणारा शेतकरी अशा प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर टाळणाऱ्याचा माल आम्ही त्याच्याच गाडीतून परत पाठवितो.