अँटवर्प येथील १९२० चें हिंदी पथक : नामावलीच्या पाठशुद्धीचा प्रश्न

इ. स. १९२० च्या ऑगस्ट महिन्यांत बेल्जम देशांतील अँटवर्प शहरीं भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत हिंदुस्थानच्या नांवानें प्रथमच एक पथक उतरलें. पथक लहान होतें; चार धांवणारे व दोन मल्ल मिळून अवघे सहा जण. एक बंगाली गृहस्थ वगळल्यास बाकीचे मुंबई इलाख्यांतील. या सहा जणांचीं नांवें जगभरच्या नोंदींत आढळतात. परंतु ज्या रूपांत तीं आज वाचावयास मिळतात तें रूप सर्वत्र शुद्ध नाहीं. पोथ्या व दप्तरें हाताळणाऱ्या वाचकांस अपपाठ आणि पाठभेद हा विषय नवा नाहीं. म्हणून त्याच कसोटीनें या नामावलीची परीक्षा प्रस्तुत लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पूर्वपीठिका. इ. स. १९०० मध्यें पॅरिस येथें कलकत्त्यास जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनीं दोन रौप्यपदकें मिळविलीं होतीं. परंतु ते एकटेच होते, त्यांस पथक म्हणतां येत नाहीं. १९२० च्या पथकाचें मूळ पुण्यास व आश्रय मुंबईस. फोर्टांतील एस्प्लनेड हाउसचे धनी सर दोराबजी टाटा (१८५९–१९३२) हे त्या वेळीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे (स्थापना १९०६) अध्यक्ष होते. दोराबजींनीं पुढें १९२९ सालीं आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक मंडळाचे अध्यक्ष काउंट बाये-लातूर यांस लिहिलेल्या पत्रांत ही हकीकत दिली आहे. जिमखान्याच्या सामन्यांत खेड्यांतील शेतकरी अनवाणी धांवत, व त्यांचा वेग युरोपीय धांवणाऱ्यांच्या जवळपास जाई, हें पाहून त्यांच्या मनांत पथक धाडण्याचा विचार आला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचें साहाय्य त्यांस लाभलें व खर्चाचा मोठा वांटा दोराबजींनीं स्वतः उचलला. हें पत्र घटनेनंतर नऊ वर्षांनीं लिहिलेलें असलें तरी प्रत्यक्ष कर्त्याचें असल्यामुळें त्याचें प्रामाण्य मोठें आहे.

आतां नामावलीकडे वळूं. देवनागरींतील किंवा मोडींतील नांव रोमन लिपींत गेलें कीं ल आणि ळ, न आणि ण, द आणि ड यांतील भेद लोपतो. मोडींत इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद नसतो, हें वाचक जाणतातच. रोमन लिपींत तो अकार-आकारांचाहि राहत नाहीं. शिवाय इंग्रजी हस्ताक्षर वाचून बेल्जममधील लेखकांनीं नकला केल्या असतील, तर तेथें आणखी एक पायरी वाढली.

(१) ‘पुर्मा बॅनर्जी.’ हे १०० व ४०० मीटर धांवले, व संचलनांत पथकाचें निशाण यांच्याच हातीं होतें. ‘पुर्मा’ या शब्दाचा संस्कृतांत अर्थ लागत नाहीं. इंग्रजी हस्ताक्षरांत ‘एन्’ व ‘एम्’ यांत फरक काय तो एका फांट्याचा. तो कमी केल्यास ‘पूर्ण’ असा सरळ पाठ मिळतो, आणि पूर्णचंद्र हें नांव तर बंगाल्यांत सुप्रसिद्ध. म्हणून ‘पुर्मा’ हा नकलनविसाचा प्रमाद असावा, असें आमचें मत आहे.

(२) ‘रणधीर शिंदेस.’ आडनांव ‘शिंदे’ हें उघड आहे. शेवटचा सकार मराठी चतुर्थीचा मानण्याचा मोह होतो. परंतु नामावलींत चतुर्थीचें प्रयोजन नाहीं. इंग्रजींत अनेकवचनासाठीं वा स्वामित्वासाठीं जो सकार लागतो तोच येथें नांवास चिकटला असावा. कसेंहि असो, तो नांवाचा अवयव नव्हे.

(३) ‘कुमार नवले.’ आपल्याकडे ‘कुमार’ हा शब्द तरुणाच्या नांवामागें उपपद म्हणूनहि लावितात, व ‘रणधीर’ हें मल्लास शोभणारें बिरुद आहे. दोन्ही मल्लांच्या बाबतींत उपपद किंवा बिरुद हेंच विशेषनाम समजलें गेलें असण्याचा संभव दृष्टीआड करतां येत नाहीं. ‘नवले’ कीं ‘नवाळे’ याचा निर्णय रोमन लिपीवरून होणें नाहीं.

(४) ‘फडेप्पा दरेप्पा चौगुले.’ हे बेळगांवचे. ‘अप्पा’ हा अंत्य भाग कानडी. आडनांव मात्र पाटलाच्या हाताखालील वतनदार जो चौगुला, त्याच्यावरून आलेलें. तें कोठें चौगुले तर कोठें चौगले असें लिहितात. येथें अपपाठ नाहीं, केवळ देशपरत्वें पाठभेद आहे. दोन्ही रूपें ग्राह्य.

(५) ‘सदाशिव दातार’ या नांवाविषयीं संशय नाहीं. ‘कैकाडी’ यांच्या बाबतींत आडनांवामागें केवळ आद्याक्षरें उरलीं आहेत.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. उत्तर त्यांच्या कामगिरींत आहे. अँटवर्पची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची, म्हणजे सुमारें साडेसव्वीस मैलांची होती. ती फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेन यांनीं २ तास ३२ मिनिटें ३५ सेकंदांत जिंकिली. चौगुले यांनीं २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी करून १९ वा क्रमांक मिळविला. शिंदे यांची कुस्ती तर याहून विशेष. लाल मातीच्या हौद्यांत वाढलेला हा मल्ल गादीवर उतरला व फेदरवेट गटांत चौथा आला. कांस्यपदकाची कुस्ती ब्रिटनच्या बर्नार्ड यांजकडे गेली. हिंदी मल्लाच्या हातीं पदक येण्यास पुढें ३२ वर्षें लागलीं. १९५२ सालीं हेलसिंकी येथें खाशाबा जाधव यांनीं तें आणिलें. खाशाबांचें नांव सर्वांच्या मुखीं आहे तें योग्यच. पण त्यांच्या पूर्वसूरीची नोंद मात्र मराठींत कोणी उच्चारीत नाहीं अशा आडनांवाखालीं पडली आहे. अशा नांवानें शोधूं गेल्यास त्याचें गांव, घर किंवा तालीम कशी सांपडावी?

पथकाचा गाजावाजा झाला नाहीं यांत नवल नाहीं. सामन्यांचा उद्घाटनसमारंभ १४ ऑगस्टचा. त्यापूर्वीं दोनच आठवडे, १ ऑगस्ट रोजीं, लोकमान्य टिळक मुंबईंत सरदारगृहांत निवर्तले व गिरगांव चौपाटीवर त्यांचा अंत्यविधि झाला. त्याच दिवसापासून असहकाराची चळवळ सुरू झाली. त्या महिन्यांत मराठी माणसाचें लक्ष कोठें होतें तें सांगावयास नको.

तरी साधनें घरोघर असूं शकतात. सातारा-कोल्हापूरकडील पुष्कळ कुटुंबें गिरण्यांच्या निमित्तानें लालबाग-परळास येऊन राहिलीं, व येतांना गांवच्या तालमीचा अभिमान बरोबर घेऊन आलीं. गिरण्या बंद पडल्या; आतां जुन्या चाळीहि पाडल्या जात आहेत, आणि खोली रिकामी करतांना जुनी ट्रंक प्रथम रद्दीवाल्याकडे जाते. त्या ट्रंकेंत कुस्तीच्या बक्षिसाचा दाखला, तालमीचें छायाचित्र, किंवा १९२० सालच्या अंकाचें कात्रण असल्यास त्यावरील देवनागरी किंवा मोडी नांव हें कोणत्याहि परदेशी छापील यादीहून अधिक प्रमाण होय. गिरगांव-दादरकडील संग्राहकांनीं सनदा व बखरी यांबरोबर असे कागदहि जतनीय मानावे, व नांवाची अक्षरें जशींच्या तशीं उतरून मंडळाकडे धाडावीं, अशी आमची विनंति आहे. तोंवर नामावलींत निदान ‘शिंदे’ हा पाठ स्वीकारावा, आणि ‘शिंदेस’ हें रूप टीपेंत ठेवावें.