जुन्यातून घर सजवा, पण तासांचा हिशोब ठेवा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या वस्तूंनी कमी खर्चात घर सजवायचं बघितलं. घाईत जे सांगायचं राहिलं, ते इथे सविस्तर लिहितो. वही-पेन घेऊन बसा, शेवटी हिशोब आहे.

आपल्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडया सुरू होतात. गावात रात्री नाटक, घरी पाहुणे. घर चांगलं दिसावं असं कुणाला वाटत नाही? मग सोफा हप्त्यावर येतो. वर्षभर हप्ते फेडण्यात जातं आणि शिलाई मशीनसाठी जमवलेले पैसे समोरच्या खोलीत अडकून बसतात. म्हणून सांगतो, घर सजवताना वाचवलेला रुपया हे तुमच्या धंद्याचं पहिलं भांडवल आहे. आणि सजवलेलं घर हे तुमचं पहिलं दुकान आहे. पाहुण्याने "हे कुठून घेतलं?" असं विचारलं की समजा, पहिला ग्राहक दारात आला.

माल कुठे मिळतो?

१. नोकरीवाल्यांच्या वसाहती. चंद्रपूरचं वीज केंद्र, बल्लारपूरकडच्या कोळसा खाणी, भद्रावतीची आयुध निर्माणी. बदली किंवा निवृत्ती झाली की लोक कपाट, रॅक, टेबल, खाट सोबत नेत नाहीत. नेण्याचा खर्चच जास्त होतो. ओळखीच्यांना सांगून ठेवा.

२. पाडलं जाणारं जुनं घर. स्लॅबचं घर बांधताना जुनी सागवानी दारं-खिडक्या मागच्या अंगणात पडतात, नाहीतर चुलीत जातात. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, हे सगळ्यांनी पाहिलं. त्याच सागाची जुनी चौकट आपण सरपणात टाकतो!

३. राईस मिल. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी म्हणजे धानाचा पट्टा. फाटका बारदाना स्वस्तात मिळतो.

४. स्वतःचं घर. आजीची लुगडी, पितळी गुंड, जुनी सुपं-टोपल्या, आणि धान ठेवायची बांबूची ढोली.

कशाचं काय करायचं?

खिडकीच्या चौकटीत आरसा बसवा. दाराच्या फळीचं भिंतीवरचं मांडणं करा. बारदाना गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून उशांचे अभ्रे शिवा. आतून जुन्या सुती साडीचं अस्तर लावा, म्हणजे टोचत नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या खिडकीला बारदान्याचा दुहेरी पडदा लावून पाणी शिंपडलं तर खोलीतही बरं वाटतं. सुपावर रंगकाम करून भिंतीवर लावा. तेलाच्या १५ किलोच्या डब्याच्या कडा आत दुमडून त्यात झाड लावा, खाली भोक पाडायला विसरू नका. ढोली मोडकी असेल तर वरचा चांगला भाग कापून मोठी कपड्यांची टोपली होते.

एक नियम पाळा. एका खोलीत दोन-तीनच अशा वस्तू ठेवा. जास्त झाल्या की घर भंगाराच्या दुकानासारखं दिसतं.

माझी चूक, तुम्ही करू नका

मी पहिल्यांदा जुन्या बांबूचा दिवा केला आणि हौसेने वहिनीला वडशाला नेऊन दिला. तीन महिन्यांत दिव्याखाली रोज पिवळा भुसा पडायला लागला. बांबूला किडा लागला होता. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण दिवा पडवीत गेला. तो दिवा मी विकला असता तर? ते गिऱ्हाईक परत आलं नसतं, आणि चार जणांना सांगितलं असतं ते वेगळंच.

उपाय सोपा आहे. २० लिटर पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. चिरलेला बांबू त्यात काही दिवस बुडवून ठेवा. अख्खा बांबू असेल तर आतल्या गाठी फोडून आठवडाभर तरी ठेवा. मग सावलीत वाळवा. हातमोजे घाला, लेकरं आणि जनावरं दूर ठेवा, आणि खाण्याचं काही ठेवायच्या टोपलीला हे पाणी लावू नका. बांबूचं काम नीट शिकायचं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. गावातल्या बुरड कारागिरांकडे बसून शिकलात तरी हात लवकर तयार होतो. फक्त त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

जंगलाच्या जिल्ह्यात राहतो, हे विसरू नका

जुनं सागवान घेताना घरमालकाकडून लेखी पावती घ्या. त्यात कोणत्या घराची किती दारं-खिडक्या, हे लिहून घ्या. गाडीत टाकण्याआधी वाहतूक परवाना लागतो का, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण नाक्यावर गाडी अडली तर आठवडा जातो.

आणि चितळ-सांबराची शिंगं? कुणी कितीही स्वस्तात देवो, "जंगलात गळून पडलेली सापडली" म्हणो, हात लावू नका. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ नुसार ही खरेदी-विक्री गुन्हा आहे. भिंतीच्या शोभेसाठी कोर्टाच्या चकरा कशाला?

आनंदवनातून काय शिकायचं?

आपल्याच जिल्ह्यात वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती उभी केली. आनंदवनाची सुरुवात सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपयांपासून झाली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण धंद्याच्या नजरेने बघा. तिथे हातमागाचं कापड, लाकडी सामान, झाडांच्या साली-पानांची शुभेच्छापत्रं तयार होतात, आणि लोक ती पैसे देऊन घेतात. वस्तू चांगली असते म्हणून घेतात. तुमची वस्तूही "बिचाऱ्याने टाकाऊतून केलं" म्हणून खपू नये. चांगली आहे म्हणून खपावी.

आता हिशोब

हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावचे भाव टाका. एक आरसा करायचा आहे.

- जुनी खिडकी: ४०० रुपये
- आरसा: ३५० रुपये
- पॉलिश, सँडपेपर: १५० रुपये
- गाडीभाडं: १०० रुपये

झाले १००० रुपये. बहुतेक जण १२०० ला विकतात आणि २०० सुटले म्हणून खूश होतात. पण सहा तास घासलं कुणी? तासाला ८० रुपये धरले तरी ४८० रुपये मजुरी झाली. खरा खर्च १४८०. म्हणजे २८० रुपये खिशातून गेले! टाकाऊ वस्तू फुकट मिळते, तुमचे हात फुकट नाहीत.

आता सहा खिडक्या एकदम घ्या. एकाच फेरीत गाडीभाडं, काच एकदम कापून, पॉलिश मोठ्या डब्यात. सामान नगाला ८४० वर येतं. हात बसला की तीन तास लागतात, मजुरी २४०. एकूण १०८०. १५०० ला विकला तर नगामागे ४२० रुपये, सहांचे २५२०. मजुरी वेगळी. हा झाला धंदा.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातली एक खोली निवडा. तीन जुन्या वस्तू बदला. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहा: सामानाचा खर्च, लागलेले तास, आणि पाहुण्यांपैकी किती जणांनी स्वतःहून विचारलं. ज्या वस्तूबद्दल तिघांनी विचारलं, तीच पुढच्या वेळी सहा नग करा. बाकीच्या दोन घरात राहू द्या, घर तर सजलंच आहे!

भेटू पुढच्या भागात. तोवर वही भरत ठेवा.