आधी हवेतच होता, मग बिघडलं काय?

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण श्रोत्यानं विचारलं होतं, "सर, कोळशातला कार्बन मुळात हवेतलाच ना? तो जाळून परत हवेत सोडला, तर बिघडलं काय?" प्रश्न खोडसाळ नाही, चांगला आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, भूशास्त्र नाही. पण इथे विज्ञान समजून घेतल्याशिवाय तर्क पुढे सरकत नाही.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दगडी कोळसा नाही, इथे सगळा काळा कातळ. कोळसा बघायचा तर वर्धा खोऱ्यात, चंद्रपूर-वणीकडे जायला हवं. तो साधारण २७-२८ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत दक्षिणेकडच्या गोंडवन महाखंडाचा भाग होता. आधी तिथे बर्फ होता. बर्फ हटला, दलदली झाल्या आणि ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या, जिभेसारख्या पानांच्या झाडांची रानं वाढली.

आता जमाखर्च बघा. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, कार्बन ठेवतं, ऑक्सिजन सोडतं. झाड कुजलं की उलटा व्यवहार होतो आणि खातं मिटतं. पण दलदलीत साचलेल्या पाण्याखाली ऑक्सिजन पोचत नाही. कुजणं अर्धवट राहतं, वर गाळ बसतो, जमीन खचत जाते. कार्बन पुरला गेला. हे फक्त आपल्याकडे झालं नाही. त्याआधी, सुमारे ३६ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, युरोप-अमेरिकेतही प्रचंड कोळसा साठला. हवेतला कार्बन डायऑक्साइड घटला आणि पृथ्वी थंड व्हायला त्याचा हातभार लागला. ऑक्सिजन मात्र वाढला. आज तो २१ टक्के आहे, तेव्हा ३० टक्क्यांच्या आसपास गेला असावा असा अंदाज आहे.

कार्बन पुरण्याचा दुसरा मार्ग आपल्या शेतातच दिसतो. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो. ते सौम्य आम्ल काळ्या कातळातलं कॅल्शियम सोडवतं. थोडं आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे होऊन बसतं, बाकीचं प्रवरेतून गोदावरीला आणि पुढे समुद्राला जातं. तिथे त्याचा चुनखडक होतो. काम चोख, पण गती अशी की लाखो वर्षं लागतात.

म्हणजे खाती दोन, एक जलद आणि एक संथ. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस जळतो, त्यातला कार्बन उसानं गेल्या वर्ष-दीड वर्षात हवेतून घेतलेला. पुढचा ऊस तो परत घेईल. कोळसा जळतो तेव्हा मात्र संथ खात्यातली ठेव जलद खात्यात येते. एक किलो कार्बन पूर्ण जळला की सुमारे ३.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. २०२४-२५ मध्ये एकट्या भारतानं १०० कोटी टनांहून जास्त कोळसा काढला. औद्योगिक युगाआधी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. ही वाढ सगळी कोळशाची नाही, तेल, वायू, जंगलतोडही त्यात आली. पण कोळशाचा वाटा मोठा.

आता त्या प्रश्नाकडे. त्यात दोन घोटाळे आहेत. पहिला, "हवेतच होता" हे खरं, पण सगळा एकाच वेळी नव्हता. कोट्यवधी वर्षांत थोडाथोडा पुरला गेला. आपण दोन-तीनशे वर्षांत तो बाहेर काढतोय. दुसरा घोटाळा तर्काचा. "पूर्वी असं होतं" यावरून "आता असं असलं तरी चालेल" हे निघत नाही. त्या काळी माणूस नव्हता. गवतसुद्धा नव्हतं, म्हणजे ऊस नाही, ज्वारी नाही, बाजरी नाही. पृथ्वीचं तेव्हा काही बिघडलं नाही आणि आताही ती टिकेल. प्रश्न पारनेर-पाथर्डीच्या पावसावर बाजरी पेरणाऱ्याचा आहे.

मग "झाडं लावू की!" जरूर लावा. पण झाड जलद खात्यातलं आहे. ते कुजलं, जळलं की कार्बन परत हवेत. त्याच्या भरवशावर खाणीतली ठेव उपसत राहणं हा हिशेब जुळत नाही.

हे व्याख्यान तुम्ही ऐकताय ते विजेवर, आणि त्यातली बरीच वीज कोळशाचीच. म्हणून मी कुणाकडे बोट दाखवत नाही. एवढंच म्हणतो, खर्च करताना तो कुठल्या खात्यातून होतोय, हे माहीत असावं. असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.