नाव यादीत आहे, पण ॲपला सापडत नाही!

हदगाव : बैतुलमालचा हिशेब, वजीफ्याचे अर्ज, मोहल्ल्यातल्या कुटुंबांची नोंद, ही वहीतली कामे मोबाईलवर आणायला आता कोडिंग यावेच लागते असे नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉवर ॲप्स’सारख्या साधनावर थोडेफार एक्सेल जमणारा तरुणही ॲप उभे करतो. यादी शेअरपॉइंटवर ठेवायची, ॲप तिला जोडायचे, झाले. चांगलीच गोष्ट आहे. फक्त यात एक खाच आहे, आणि ती माहीत नसेल तर गरजू माणूस दारातून परत जाऊ शकतो.

समजा, हदगाव, तामसा आणि निवघा मिळून २,६०० कुटुंबांची यादी आहे. एक बेवा मदतीसाठी येते. नाव टाकून शोधले, ॲप म्हणते, नोंद नाही. नोंद तर आहे, पण ती शेवटी-शेवटी भरलेली.

असे का होते? तहसीलच्या रेकॉर्ड रूमचे उदाहरण घ्या. एक तर कारकून आत जाऊन सगळी दप्तरे चाळून तुमचा कागद आणून देतो. नाहीतर वरचे ५०० कागद तुमच्या हातात देतो आणि म्हणतो, बघा यातच. पॉवर ॲप्समध्ये पहिल्या प्रकाराला ‘डेलिगेशन’ म्हणतात. शेअरपॉइंटला जो प्रश्न समजत नाही, त्याला दुसरा प्रकार लागू होतो. ही मर्यादा सेटिंगमधून वाढवता येते, पण फक्त २,००० पर्यंत. म्हणजे ६०० घरे तरीही बाहेरच!

नावाच्या मधला शब्द शोधणारे ‘सर्च’ शेअरपॉइंटला समजत नाही. बेरीज करणारे ‘सम’ही नाही. त्यामुळे वाटलेल्या रकमेची बेरीज कमी येते आणि नसता संशय हिशेब ठेवणाऱ्यावर. बनवणाऱ्याला पिवळ्या त्रिकोणाचा इशारा दिसतो; वापरणाऱ्याच्या मोबाईलवर काहीच येत नाही.

‘स्टार्ट्सविथ’ म्हणजे सुरुवातीच्या अक्षरांवरून शोधणे मात्र चालते. पण आपल्याकडे नाव सुरू होते शेख, सय्यद, पठाणपासून. ‘शेख’ टाकले की अर्धे गाव समोर! म्हणून स्वतःचे नाव वेगळ्या रकान्यात भरा. गाव आणि मोहल्ल्याचेही रकाने वेगळे ठेवा. आधी मोहल्ला निवडून यादी ५०० च्या आत आणली, की त्यातला शोध आणि बेरीज दोन्ही बरोबर येतात. यादी ५,००० च्या पुढे जाणार असेल तर या रकान्यांना इंडेक्स आधीच लावून ठेवा. ‘डेटाव्हर्स’ला सर्च आणि बेरीज समजते, बेरीज ५०,००० नोंदींपर्यंत, पण त्याचे लायसन्स वेगळे घ्यावे लागते. छोट्या कमिटीने आधी रकाने नीट करावेत, हेच परवडते.

ॲप वाटण्याआधी सेटिंगमध्ये ‘डेटा रो लिमिट’ ५०० ऐवजी १ करून बघा. मग यादीत अनेकदा असलेले एखादे नाव शोधा. एकच ओळ आली तर तो शोध अर्धवट आहे, तिथला फॉर्म्युला बदला. सगळ्या ओळी आल्या तर मर्यादा पुन्हा ५०० करा आणि ॲप कमिटीच्या हातात द्या.