हे खरे आहे काय?

महाराष्ट्र विधानसभेतल्या प्रश्नोत्तरांची छापील यादी वाचायला घेतली, तर पहिल्या पानावरच डोळे जड होतील. प्रत्येक प्रश्न एकाच साच्यातला. समजा, कुठल्याशा गावची नळपाणी योजना बंद पडली आहे. यादीत ती अशी उतरते: सन्माननीय पाणीपुरवठा मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक गावची योजना तीन वर्षांपासून बंद आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, तिच्यावर आतापर्यंत किती खर्च झाला, (३) उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, (४) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे, (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली उत्तर : हे अंशतः खरे आहे. इतके लाख. होय. कार्यवाही सुरू आहे. प्रश्न उद्भवत नाही.

आता हाच साचा जरा सावकाश वाचून पाहा. विचारणारा आमदार कसलाच आरोप करत नाही. तो फक्त ‘खरे आहे काय’ एवढंच विचारतो, त्यामुळे समोरच्याला खरं किंवा खोटं यांपैकी एक बाजू कागदावर घ्यावीच लागते. चौकशी केली म्हणावं तर निष्कर्ष सांगावा लागतो. केली नाही म्हणावं तर पाचवा उपप्रश्न वाट अडवून उभाच असतो. पळवाट एकेक करून बुजवत नेलेली ही रचना मला तरी एखाद्या पक्क्या वकिली दस्तऐवजाहून सरस वाटते. शिवाय सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली, तर तो हक्कभंग. म्हणूनच ‘अंशतः’ या क्रियाविशेषणाला सरकारी उत्तरांत एवढा भाव आहे.

लोकसभेच्या नियमांत तर प्रश्न कसा नसावा याचीच लांबलचक यादी आहे. तो साधारणपणे दीडशे शब्दांहून मोठा नसावा. त्यात युक्तिवाद नको, उपरोध नको, कुणाला विशेषणं चिकटवलेली नकोत. मत विचारायचं नाही, ‘असं झालं तर काय कराल’ छापाचं काल्पनिकही विचारायचं नाही. म्हणजे राजकारणी माणसाच्या भात्यातले सगळे बाण दाराबाहेर काढून ठेवायचे. उरतं ते निव्वळ तथ्य, आणि सरकारला सगळ्यात अवघड जातं तेही तेच.

असा प्रश्न स्वीकारला गेला की त्याचा प्रवास सुरू होतो. विधानमंडळ सचिवालयातून तो मंत्रालयातल्या खात्याकडे, तिथल्या कक्ष अधिकाऱ्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला. एरवी ज्या फाईलवर धूळ साचलेली असते, ती विधिमंडळाचा प्रश्न आला म्हटल्यावर त्याच दिवशी टेबलावर येते. कुणीतरी उपअभियंता जीप काढून पंपघराचं कुलूप खरंच गंजलंय का ते पाहून येतो. माहिती पुन्हा त्याच पायऱ्या चढत वर जाते, आणि प्रत्येक पायरीवर तिचे कोपरे थोडे घासले जातात. मंत्री उभे राहून उत्तर देतात तेव्हा त्यांच्या हातातला कागद अर्धा जिल्हा फिरून आलेला असतो. उत्तर छापून येण्याआधीच कधीकधी पंप सुरू झालेला असतो. प्रश्नाचं निम्मं काम तो विचारला जाण्याच्या धास्तीनंच होतं, असं माझं मत आहे.

ही धास्ती उपजत नव्हती. ब्रिटिश संसदेत नोंदलेला पहिला प्रश्न १७२१ सालचा. साउथ सी कंपनीचा फुगा फुटून हजारो लोक बुडाले होते आणि कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट देश सोडून पळाला होता. त्याला ब्रसेल्समध्ये पकडल्याची बातमी खरी आहे का, असं लॉर्ड काउपर यांनी उमरावांच्या सभागृहात विचारलं. तीनशे वर्षांपूर्वीचा पहिला प्रश्नही ‘हे खरे आहे काय’ याच वळणाचा, आणि तोही पैसे बुडवून परदेशी पळालेल्या माणसाबद्दलचा!

आपल्याकडे हा हक्क १८९२च्या कायद्यानं आला, तोही हात आखडून. प्रश्न विचारता येई. मिळालेल्या उत्तरावर मात्र ब्र काढता येत नसे. केंद्रीय कायदेमंडळात पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिनग्याच्या राजांनी विचारला. विषय होता दौऱ्यावरच्या साहेबांच्या छावणीला रसद पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांना होणारा जाच. राजाचा प्रश्न, पण वाण्याच्या वतीनं. मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्न विचारण्याची मुभा १९०९च्या सुधारणांनी मिळाली आणि तीच मुभा इतर सदस्यांना मिळायला १९१९चा कायदा यावा लागला.

खर्चाचा जाब विचारण्याची खरी शाळा मात्र एका गणिताच्या मास्तरांनी काढली. फर्ग्युसनमध्ये अध्यापन केलेले गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात, याच केंद्रीय कायदेमंडळात, अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. त्या मंडळाला अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकारच नव्हता. बोलायचं आणि खाली बसायचं. सरकार शिलकीचा अर्थसंकल्प मिरवत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं की दुष्काळानं पिचलेल्या देशात वर्षानुवर्षं शिल्लक उरते, याचा अर्थ रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर ओढला जातो. या आकडेमोडीमागे शिक्षण खात्यातल्या गणेश व्यंकटेश जोशी यांची मेहनत होती. आजच्या भाषेत त्यांना गोखल्यांचे संशोधन सहायक म्हणता येईल, फक्त बिनपगारी. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. मताचा अधिकार नसलेल्या सभेत हे घडावं, याचं मला आजही नवल वाटतं.

आता स्वतंत्र भारतात येऊ. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित आणि दोनशेतीस अतारांकित प्रश्न असतात. तारांकिताला मंत्री तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर. प्रश्नोत्तराच्या तासात वीसपैकी बहुतेक वेळा मूठभर प्रश्नच पुकारले जातात. उरलेल्यांची लेखी उत्तरं सभागृहासमोर ठेवली जातात. वर्तमानपत्रांचं लक्ष अर्थातच तारांकितांकडे, कारण तिथे नाट्य असतं. छापील उत्तर मंत्र्यांना लक्षपूर्वक वाचून दाखवता येतं, पण उपप्रश्न आगाऊ कळत नाही. मागे अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठ्या येऊ लागतात, त्या याच क्षणी.

उपप्रश्नानं काय होऊ शकतं, ते १९५७ साली दिसलं. आयुर्विमा महामंडळ नुकतंच, म्हणजे १९५६ साली, खासगी विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण करून उभं राहिलं होतं. सामान्य पॉलिसीधारकांचे हप्ते त्यात जमत होते. त्या महामंडळानं हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या डबघाईला आलेल्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले, आणि तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता. सप्टेंबरात लोकसभेत राम सुभग सिंग यांनी त्यावर प्रश्न विचारला. उत्तर मोघम आलं. मोघम उत्तर ही सरकारची जुनी ढाल, पण इथे तिनंच घात केला, कारण त्या पोकळीत पुढचे प्रश्न शिरले. १६ डिसेंबरला रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी बोलायला उभे राहिले. ते सत्ताधारी काँग्रेसचेच, शिवाय पंतप्रधानांचे जावई. त्यांनी व्यवहाराच्या तारखा, शेअरचे भाव, एकेक तपशील सभागृहासमोर मांडला.

चौकशीचं काम मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे आलं. त्यांनी ते मुंबईत, उघड्या दारानं चालवलं. अर्थमंत्री, अर्थसचिव असे सगळे साक्षीला. गर्दी इतकी लोटली की बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले. काही आठवड्यांत छागलांचा अहवाल आला: सचिवानं केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सप्टेंबरातल्या एका रुक्ष प्रश्नापासून इथपर्यंत सहा महिनेही लागले नाहीत.

प्रश्नाला एवढी किंमत असते, म्हणूनच त्याची बोलीही लागू शकते. पैसे घेऊन प्रश्न विचारायला तयार झालेले खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले आणि डिसेंबर २००५मध्ये दोन्ही सभागृहांतून मिळून अकरा जणांची हकालपट्टी झाली.

पैशाचा हिशेब विचारण्याची हत्यारं आणखी वेगळी. त्यातलं कपात सूचना हे मला सर्वांत मजेदार वाटतं. खात्याची मागणी हजारो कोटींची असते. सदस्य म्हणतो, तीत शंभर रुपये कमी करा. शंभर रुपयांनी कुणाचं काय अडणार? पण त्या शंभर रुपयांच्या निमित्तानं त्याला आपल्या मतदारसंघातल्या दवाखान्यावर बोलायला मिळतं. त्याला खात्याचं धोरणच मान्य नसेल तर तो म्हणतो, मागणी एक रुपयावर आणा. गंमत इथपर्यंतच. ठरलेल्या दिवशी वेळ संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात. मार्च २०१८मध्ये लोकसभेत गोंधळाच्या पार्श्वभूमीवर सर्वच मागण्या अशा मंजूर झाल्या. याला कुणी कामकाज म्हणावं, असं मला वाटत नाही.

पैसे खर्च झाल्यावर मात्र सुटका नसते. कॅगचे लेखापरीक्षक देयकं आणि पावत्या तपासतात, त्यांचा अहवाल सभागृहासमोर येतो आणि मग लोकलेखा समिती बसते. संसदेच्या समितीत बावीस सदस्य असतात, त्यात मंत्री एकही नाही, आणि १९६७पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा पायंडा आहे. त्या प्रथेतले पहिले अध्यक्ष मिनू मसानी, एकेकाळचे मुंबईचे महापौर. समितीसमोर बोलावलं जातं ते सचिवांना. तिथे घोषणा नाहीत, कॅमेरे नाहीत. टेबलापलीकडून विचारतात, हा पूल पाच वर्षं अर्धवट का?

महाराष्ट्रात याच जातीची, पण जिल्हा परिषदांना घाम फोडणारी समिती म्हणजे पंचायती राज समिती. ‘पीआरसी येणार’ म्हटलं की जिल्हा परिषदेत रजा रद्द होतात, कपाटं आवरली जातात, शाळांच्या भिंतींना रंग लागतो, दप्तर रात्री उशिरापर्यंत जागं राहतं. आमदारांचा ताफा लेखापरीक्षणातले आक्षेप हातात घेऊन तालुक्यांत जातो आणि एखाद्या अंगणवाडीत शिरून पोषण आहाराची नोंदवही मागतो. या दौऱ्यांच्या खमंग कथा प्रत्येक जिल्ह्यात आहेत, सगळ्याच समितीच्या बाजूच्या नाहीत. तरीही मुंबईतल्या कागदावरचा आक्षेप गावच्या अंगणवाडीपर्यंत चालत जातो, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

शेवटचा यांत्रिक चमत्कार सभागृहाच्या पडद्यामागचा. उत्तर देताना मंत्री सहज बोलून जातात, ‘बाब विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालतो’. आपण ऐकून हसतो. पण लोकसभेत १९५३पासून आश्वासन समिती आहे, आणि कोणती वाक्यं आश्वासन मानायची याची ठरलेली यादीच तिच्याकडे असते. मंत्र्यांच्या भाषणातून अशी वाक्यं वेचून नोंदवली जातात आणि ती पुरी करायला तीन महिन्यांची मुदत असते. मुदत टळली तर खात्याला समितीकडे वाढीव वेळ मागावा लागतो. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेली विधेयकं संपतात, पण प्रलंबित आश्वासनं संपत नाहीत. नव्या सभागृहाची नवी समिती ती यादी हातात घेते आणि आधीच्या मंत्र्याच्या ‘लक्ष घालतो’चा जाब, तेव्हा खुर्चीत जो असेल त्याच्या खात्याला विचारते.