सिलिकॉन सीलंट : मात्रेचे महत्त्व

इंजिनचा ब्लॉक आणि त्याखालील तेलाचे पात्र, ज्याला कारागीर 'चेंबर' म्हणतात, यांच्या सांध्यातील सूक्ष्म फटी बुजवणारे सिलिकॉन सीलंट केवळ वाळून घट्ट होत नाही, तर हवेतील बाष्पाशी रासायनिक क्रिया होऊन सामान्य तापमानालाच त्याचे रबर बनते. ही क्रिया पूर्ण होण्यास साधारणपणे 24 तास लागतात. पृष्ठभागावर तेलाचा अंश राहिल्यास सीलंट धातूला चिकटत नाही.

सर्वांत घातक चूक मात्र अतिरेकाची असते, कारण 2 ते 3 मिलिमीटर जाडीची अखंड रेघ पुरेशी असताना जास्त सीलंट लावले, तर बोल्ट आवळताना ते आतल्या बाजूस दाबले जाते, त्याचे तुकडे तेलात पडून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि वंगणाअभावी बेअरिंगे जळू शकतात. बाहेर दिसणारी गळती याहून कितीतरी सौम्य म्हणावी लागेल.

सीलंटमधून उडणारी सिलिकॉन संयुगे एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे इंधनमिश्रणाचा अंदाज देणारा संवेदक, निकामी करू शकतात. म्हणून सेन्सरला सुरक्षित असलेला प्रकारच निवडावा. ज्वलनाचा प्रचंड दाब सोसणाऱ्या हेड गॅस्केटला सिलिकॉन हा पर्याय नाही.